देवगिरीच्या दारात

कोळगावहून आमची बस रात्री नऊला सुटली. जव्हार, त्र्यंबक, नाशिक मागे पडले. येवला आल्याचे कुणीतरी सांगताच झोपलेली मुलेही उठली आणि 'जय भीम'चा घोष झाला. बाबासाहेबांनी १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली ती याच गावी. सकाळी आम्ही दौलताबादला पोहोचलो. खरे जायचे होते वेरूळच्या बौद्ध लेण्यांना. पण वाटेतला देवगिरी किल्ला आधी पाहायचा असे ठरले होते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरापासून हा किल्ला सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे. यादवांची ही राजधानी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने राजा रामदेवरायाला येथे नमवले. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि गावाचे नाव दौलताबाद ठेवले.

आमच्यासाठी मात्र या दरवाजाचा इतिहास १९३४ चा आहे. आत जाण्यापूर्वी सर्वांना सावलीत बसवले. दहावीतल्या एका मुलीने बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या पुस्तिकेतील प्रसंग सांगितला. सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळला निघाले होते. प्रवासाच्या धुळीने सारे माखलेले. किल्ल्याबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक वृद्ध मुसलमान पाणी बाटवल्याचा आरडाओरडा करीत आला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. आमच्यापैकी कुणी मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल काय, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी आत सोडले, पण पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. सोबत हत्यारबंद शिपाई दिला.

आम्ही तिकिटे काढून आत गेलो. कुणी जात विचारली नाही. थोड्याच अंतरावर हत्ती हौद लागतो. दगडी बांधणीचा हा अवाढव्य हौद पाहून मुले काठाशी धावली. तेथे एक आजी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, मग आपल्या नळाला कुलूप का लावलंय?"

आम्हाला उत्तर देता येईना. गेल्या उन्हाळ्यात वस्तीच्या नळाला तासभरच पाणी येई. वीटभट्टीवरच्या आदिवासी बाया हंडे घेऊन येऊ लागल्या. रांग वाढली, भांडणे झाली. 'या लोकांचे हंडे घाण असतात' असेही बोलले गेले. कमिटीने कुलूप लावले. त्या ठरावावर पहिली सही आमचीच होती.

पुढे चाँदमिनार पाहिला, गोवळकोंड्याच्या शेवटच्या सुलतानाला जेथे कैदेत ठेवले तो चिनी महाल पाहिला. मग कातळात खोदलेला खंदक आणि 'अंधेरी' हा काळोखा वळणाचा भुयारी मार्ग. शत्रूने आत शिरून वाट चुकावी म्हणून केलेला. येथे वटवाघळांचा उग्र वास येतो. बॅटरी हवी, लहान मुलांचा हात सोडू नये. पायऱ्या खूप आहेत, म्हाताऱ्यांनी खालीच थांबावे. बारादरीत पोहोचलो तेव्हा वारा सुखाचा होता, पण आजींचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. खंदक आणि भुयारे राजांनी शत्रूसाठी केली. आम्ही कुलूप कुणासाठी लावले? तहानलेल्या बायांसाठी!

वर बसल्या बसल्याच कमिटीच्या पाच जणांशी बोललो. दोघांनी वाद घातला. पाणी कमी आहे, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण कमी पाणी वाटून घेता येते, हेही त्यांना नाकारता आले नाही.

दुपारी वेरूळच्या दहाव्या लेण्यात, चैत्यातील भगवान बुद्धांसमोर सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले. परतल्यावर रविवारी नळाचे कुलूप काढले. आता पाळ्या लावल्या आहेत. दर पाळीत भट्टीवरच्या बायांचे हंडे असतात. भांडणे अजून होतात, पण पाणी सर्वांना मिळते.

बंधू-भगिनींनो, मुलांना घेऊन देवगिरी जरूर पाहा. दरवाजापाशी बसून हा प्रसंग त्यांना सांगा. आणि घरी आल्यावर आपल्या वस्तीच्या नळावर एक फेरी मारा.

जय भीम!