उर्से यायच्या आधी

खंडाळ्याचा घाट माणसाला झोपू देत नाही. रांगणारे ट्रक, ब्रेकचे लाल दिवे, पावसाळ्यात वर धुकं. भीतीच पहारा देते. खरा धोका लोणावळा मागे पडल्यावर. कामशेतचा बोगदा संपला की द्रुतगती मार्ग मऊ होतो आणि उर्से टोलनाका यायच्या आत, पहाटे तीन-चारच्या सुमारास, डोळ्यांवर झापड येते. ताशी 100 किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर पळते. चार सेकंदांच्या डुलकीत शंभराहून जास्त मीटर रस्ता कोणी पाहिलेलाच नसतो.

हा काही आळशीपणा नव्हे. रडारवर नजर ठेवणाऱ्यांना पाणबुड्यांच्या खुणा का दिसेनाशा होतात, याचा शोध ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ घेत होता. त्याच्या चाचणीत दोन तास एका काट्याकडे बघत बसायचं, तो मधूनच दुप्पट उडी मारील तेव्हा कळ दाबायची. 1948 साली त्याने मांडलं की पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवू लागतात. काही घडत नसताना टक लावून बसणं, याहून अवघड काम नाही. मळवलीजवळून जाताना लोहगड दिसतो, तेव्हा मला त्याच्या दरवाज्यांवरचे पहारेकरी आठवतात. हल्ल्याच्या रात्री कोणीही जागेल. त्यांना वर्षानुवर्षं काहीच न घडणाऱ्या रात्री काढायच्या होत्या. अशा वेळी सोबतीची हाळी कामाला येते. पलीकडून ओ आली नाही, तर जाऊन बघावं लागतं.

पूर्वी उर्से नाकाही अशीच हाळी घालायचा. काच खाली करा, सुट्टे शोधा. तेवढ्यात गार वारा तोंडावर यायचा. मग फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, हे चांगलंच झालं, सुट्ट्या पैशांवरची भांडणंही गेली. पण ती काच आता बंदच राहते.

ट्रकवाल्यांनी मात्र जुना उपाय सोडलेला नाही. शेजारी क्लीनर असतो आणि त्याची तोंडपाटीलकी पगारातच धरलेली. गावची जत्रा, डिझेलचा भाव, मालकाचा कंजूषपणा, काहीही चालतं. उस्तादाचं उत्तर दोनदा उशिरा आलं की तो गप्पा थांबवतो आणि म्हणतो, "उस्ताद, गाडी बाजूला घ्या. चहा मारू."