औषध की आजार? मुलांच्या दुर्मिळ प्रतिक्रिया ओळखताना

औषधामुळे उद्भवलेली प्रतिक्रिया आजाराचे लक्षण समजली जाणे आणि आजाराचे लक्षण औषधाच्या माथी मारले जाणे, या दोन्ही चुका बालरोगचिकित्सेत सारख्याच सहजतेने घडतात. आणि दोहोंतून वाट काढण्यासाठी महागड्या तपासण्यांपेक्षा पुष्कळदा कोणते औषध केव्हा दिले आणि लक्षण केव्हा दिसले, एवढा क्रम नीट विचारून घेणे अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखिकेचे अनुभवांती बनलेले मत आहे.

या मताला आधार देणारा एक प्रसंग पश्चिम महाराष्ट्रातील एका ग्रामीण रुग्णालयातला आहे. सकाळपासून उलट्या होत असलेल्या एका शाळकरी मुलीला गावातल्या दवाखान्यात औषध मिळाले, उलट्या थांबल्या, परंतु संध्याकाळी तिची मान एका बाजूला पिळवटली, डोळे वर जाऊन तेथेच खिळले आणि जीभ बाहेर येऊ लागली. आजीने बाहेरची बाधा समजून अंगारा लावला होता; रुग्णालयात आल्यावर कोणी धनुर्वाताची, तर कोणी मेंदूज्वराची शंका काढली. परंतु मुलगी पूर्ण शुद्धीवर होती आणि विचारलेल्या प्रश्नांना बोट दाबून होकार-नकार देत होती, जे सर्वांगाच्या आकडीत शक्य नसते. लस वेळेवर झालेली होती, कोठे जखम नव्हती आणि स्पर्शाने झटके वाढत नव्हते, त्यामुळे धनुर्वातही संभवत नव्हता. ‘उलटीसाठी नेमके काय दिले?’ या प्रश्नावर आईने पिशवीतून कागदाची पुडी काढली, जिच्यात सुट्ट्या गोळ्या होत्या आणि नाव कशाचेच नव्हते. गावातल्या डॉक्टरांना फोन केल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता मेटोक्लोप्रमाइड हे नाव सांगितले, आणि निदान तेथेच झाले.

मेटोक्लोप्रमाइड हे औषध मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाची क्रिया अडवून उलटी थांबवते. मात्र हाच डोपामिन हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या खोल भागातही काम करीत असल्यामुळे काही मुलांमध्ये तेथील तोल बिघडतो आणि मान, जबडा, जीभ व डोळे यांचे स्नायू इच्छेविरुद्ध आखडतात. या अवस्थेला तीव्र डिस्टोनिया म्हणतात. ती बहुधा औषध दिल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत दिसते आणि प्रौढांपेक्षा मुलांत व तरुणांत अधिक आढळते. प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात त्या मुलीची मान सरळ झाली, ज्याचे श्रेय आजीने अंगाऱ्याला दिले, आणि त्या घटकेला तिच्याशी वाद घालण्यात अर्थही नव्हता. मूळ औषधाचा अंमल ओसरेपर्यंत त्रास उलटू शकतो, म्हणून अशा मुलांना लगेच घरी न पाठवता काही काळ देखरेखीखाली ठेवणे श्रेयस्कर असते. युरोपीय औषध संस्थेने 2013 साली हे औषध एक वर्षाखालील बालकांना देऊ नये आणि एरवीही पाच दिवसांपेक्षा अधिक वापरू नये अशी शिफारस केली, ती मुख्यतः मज्जासंस्थेवरील अशाच परिणामांमुळे.

डिस्टोनियात औषध आणि लक्षण यांत तासांचेच अंतर असते, म्हणून स्मृती तरी साथ देते. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन या औषधांच्या बाबतीत हे अंतर दोन ते आठ आठवड्यांचे असू शकते. ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची वाढ आणि यकृताला इजा असा जो लक्षणसमूह ‘ड्रेस’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, तो गोवर किंवा कावीळ म्हणून सहज खपून जातो, कारण महिनाभर सुरळीत चाललेल्या औषधाचा संशय कोणालाच येत नाही. त्यातही ही तिन्ही औषधे रचनेने जवळची असल्याने एक बंद करून दुसरे सुरू केल्यास तोच प्रकार पुन्हा घडण्याचा धोका राहतो.

उलट दिशेची गल्लत अधिक महागात पडते. मुलाला ताप येतो, तिसऱ्या दिवशी प्रतिजैविक सुरू होते, चौथ्या-पाचव्या दिवशी पुरळ उठते आणि ‘औषधाची रिअ‍ॅक्शन’ म्हणून औषध बदलले जाते. ताप मात्र हटत नाही. चिपड नसलेले लाल डोळे, फुटलेले लाल ओठ, सुजलेले तळवे आणि मानेतली गाठ ही चिन्हे सोबत असतील तर तो कावासाकी आजार असू शकतो, ज्यात मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांना, विशेषतः हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना, सूज येते. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी 1961 साली तोक्योत असा पहिला मुलगा पाहिला, तेव्हा त्याच्या आजाराला नावच नव्हते. पुढे धीराने नोंदी जमवून 1967 साली त्यांनी 50 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. उपचार न झाल्यास सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत या धमन्यांना फुगे येतात, तर पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरते. भारतात जन्मतःच बीसीजीची लस दिली जात असल्याने दंडावरचा तिचा जुना व्रण एकाएकी लाल होणे ही येथील डॉक्टरांच्या हाती आलेली मोलाची खूण आहे; बाळाची बाही वर करून पाहणे एवढेच तिच्यासाठी लागते, आणि तेच राहून जाते.

फाइलवर लाल शाईने लिहिलेला ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ हा शेराही तपासून पाहण्याजोगा असतो. एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होणाऱ्या ग्रंथिज्वरात अमॉक्सिसिलिन दिल्यावर उठणारे पुरळ पुष्कळदा खरी अ‍ॅलर्जी नसते, तरी तो शेरा मुलाला जन्मभर चिकटतो आणि साध्या संसर्गालाही भारी औषधे दिली जातात.

भारतात 2010 पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू असून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. तेथे प्रतिक्रिया कळवण्यासाठी खात्री लागत नाही, संशय पुरतो, आणि पालकही ती कळवू शकतात. नोंदीच्या अर्जात मात्र औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, सुरू व बंद केल्याच्या तारखा असे रकाने असतात, आणि कागदी पुडीतून औषध घेतलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांतले बहुतेक रिकामेच राहतात.