शिरूर, दौंड आणि डब्यावरचा वाद

'छावा' थिएटरमधून उतरला, ओटीटीवर आला, तिथेही दोन-दोनदा बघून झाला. पण कँटीनमधला वाद काही मिटत नाही! संभाजी महाराज संगमेश्वरात आहेत, ही खबर फोडली कोणी? सोयराबाई खरंच इतक्या वाईट होत्या? कवी कलश नेमके होते कोण? एक जण शिवाजी सावंतांच्या कादंबरीचा दाखला देतो. दुसरीने झी मराठीवरची 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिका पहिल्या भागापासून बघितलेली असते. तिसऱ्याचा सगळा अभ्यास रील्सवर. डबा संपतो, कॉफी संपते, लीड कॉलवर बोलावतो, तरी निकाल लागत नाही.

हीच मंडळी 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या काळात (२०११ ते २०१९) जॉन स्नोचे आईबाप कोण, यावर अशीच भांडायची. पण एक फरक आहे. वेस्टेरॉसला एसटी जात नाही. 'छावा'च्या शेवटच्या प्रकरणाची जागा मात्र आपल्या दारात आहे. खराडीहून नगर रोडला लागा, शिरूर तालुक्यातून दौंडला उतरा आणि सोलापूर रोडने परत या. एका रविवारचं काम! आमच्या डब्याच्या टेबलावरच्या चौघांनी एकदा ही राइड करायचीच असं ठरवलं. अट एकच : जो जे बोलेल, त्याने ते कुठे वाचलं हेही सांगायचं. रील चालणार नाही.

तुळापूर, मग वढू

लोणीकंदच्या पुढे डावीकडे तुळापूरचा फाटा. भीमा, भामा आणि इंद्रायणीचा इथे संगम आहे आणि काठावर संगमेश्वराचं देऊळ. या जागेचं मूळ नाव नागरगाव. शहाजीराजांच्या काळात इथे हत्तीची तुला झाली, हत्ती नावेत उभा करून वजन काढलं आणि म्हणून तुळापूर, अशी आख्यायिका. सकाळी आठला नदीकाठी चिटपाखरू नसतं. ११ मार्च १६८९ ला इथेच, औरंगजेबाच्या छावणीच्या परिसरात, संभाजी महाराजांची हत्या झाली. सिनेमात हा प्रसंग मोठ्या आवाजात येतो. इथे फक्त पाण्याचा आवाज येतो आणि आपणच गप्प होतो.

तिथून कोरेगाव भीमामार्गे वढू बुद्रुक. हे शिरूर तालुक्यातलं गाव आणि इथे महाराजांची समाधी आहे. फाल्गुन अमावास्येला, म्हणजे पुण्यतिथीला, इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी शांत असतं.

आमच्या टेबलावर कधीच न आलेला प्रश्न इथे समोर उभा राहतो. महाराजांवर अंत्यसंस्कार केले कोणी? गावात दोन परंपरा सांगितल्या जातात. एक महार समाजातल्या गोविंद गायकवाड यांचं नाव घेते, आणि त्यांचीही समाधी वढूतच आहे. दुसरी शिवले घराण्याचं नाव सांगते. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस याच विषयावरच्या एका फलकावरून गावात तणाव झाला. त्यानंतर काही दिवसांतच, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगाव भीमा परिसरात दंगल झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. आपण ज्याला 'कॅरेक्टरची बॅकस्टोरी' म्हणतो, ती इथे कोणाची तरी वंशावळ असते, कोणाच्या तरी मानाचा प्रश्न असतो. आमच्यातला सगळ्यात जास्त बोलणारा टेस्टिंगवाला वढूपासून शिक्रापूरपर्यंत एक शब्द बोलला नाही!

पात्र बदलतं कसं?

शिक्रापूर, रांजणगाव, मग शिरूर. महागणपतीचं दर्शन आणि एमआयडीसीचं ट्रॅफिक, दोन्ही याच वाटेवर. चहासाठी थांबलो तेव्हा एचआरवालीने बॅगेतून वही काढली. (हो, ती खरंच अभ्यास करून आली होती.) तिचा मुद्दा साधा होता. संभाजी महाराज शंभर वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीवर असे नव्हतेच. राम गणेश गडकरींच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या नाटकात ते विलासी रंगवले गेले. त्याच रागातून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकरींचा पुतळा उखडून टाकला गेला. नाटकातल्या पात्राचा हिशेब नाटककाराच्या पुतळ्याशी!

मधल्या काळात चित्र बदललं ते कागदपत्रांमुळे. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं दप्तरं धुंडाळून १९६० मध्ये महाराजांचं चरित्र छापलं. डॉ. कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' त्यानंतर आलं. मग १९७९ ची 'छावा' कादंबरी, २००५ ची विश्वास पाटलांची 'संभाजी', २०१७ ते २०२० ची मालिका आणि फेब्रुवारी २०२५ चा सिनेमा. मालिकेत महाराज झालेले डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये याच शिरूर मतदारसंघातून खासदार झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. पडदा आणि गाव यांच्यात अंतर किती कमी आहे बघा.

सोयराबाईंचंच घ्या. पडद्यावर त्या कायम कारस्थान करत असतात. १६८१ च्या कटात त्यांचं नाव येतं, हे खरं. पण त्याच्या आदल्या वर्षीच्या संस्कृत दानपत्रात संभाजी महाराज आपल्या या सावत्र आईला स्फटिकासारख्या निर्मळ मनाची म्हणतात. दोन्ही कागद खरे. मालिकेला एक निवडावा लागतो, आपल्याला दोन्ही वाचता येतात.

घोडनदीचा साहेब

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. पेशवाईच्या शेवटी इथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच.

त्याआधीचा इथला एक साहेब म्हणजे कर्नल विल्यम वॉलेस. असईच्या लढाईत (१८०३) तो आर्थर वेलस्लीच्या हाताखाली लढला आणि १८०९ मध्ये शिरूरला वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्याच्याबद्दल भन्नाट नोंद आहे. शिरूर आणि आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानत, त्याच्या कबरीची पूजा करत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत! कादंबरी नाही, मालिका नाही, तरी गोऱ्या फौजी अधिकाऱ्याचा देव झाला. म्हणजे माणसाचं पात्र करायला टीव्हीच लागतो असं नाही. लोक पुरतात.

दौंड आणि पलीकडचा काठ

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला या. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये भीमेवरचा पूल, चौफुल्याला कलाकेंद्रांचे बोर्ड. पाटसवरून दौंड. दौंड म्हटलं की आपल्याला आठवतं ते जंक्शन, सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या आणि तिथे थांबून राहणं. पण नदी ओलांडून श्रीगोंदा तालुक्यात शिरा आणि पेडगावला जा. हा बहादूरगड, आता याला धर्मवीरगड म्हणतात. पकडल्यानंतर फेब्रुवारी १६८९ मध्ये महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबासमोर आणलं ते इथे.

किल्ला भुईकोट. पडकी तटबंदी, बाभळी आणि आत यादवकाळातली देवळं. लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला अर्धा तास राखून ठेवा.

आमचा मुख्य वाद इथेच निघाला : गणोजी शिर्के. ते येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई. सिनेमात फितुरी त्यांच्या आणि कान्होजींच्या नावावर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली. आपण सिनेमात आडनाव घेतलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं. अभ्यासकांचं यावर आजही एकमत नाही. कादंबरीवाला म्हणाला, "पण मी तर वाचलंय!" एचआरवालीने विचारलं, "कुठे?" तो हसला. कादंबरीतच.

यात कादंबरीचा दोष नाही. कादंबरीला माणसाच्या मनात शिरावं लागतं, रिकाम्या जागा भराव्या लागतात. प्रश्न आपला आहे. जॉन स्नोच्या बापाबद्दल तुम्ही काहीही बोला, कोणाच्या लग्नपत्रिकेवर ते आडनाव नसतं. इथे असतं. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही असेल.

परतीच्या वाटेवर

सोलापूर रोडने येताना थेऊरला वळा. १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव पेशवे चिंतामणीच्या याच देवळाच्या आवारात गेले, वय अवघं सत्तावीस. रमाबाई इथेच सती गेल्या. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. ऐंशीच्या दशकात गजानन जागीरदारांनी दूरदर्शनसाठी तिची मालिका केली. आजही आई-बाबांना माधवराव म्हटलं की रवींद्र मंकणींचाच चेहरा दिसतो आणि रमा म्हणजे मृणाल देव. आमच्या मुलांना संभाजी महाराज म्हटलं की विकी कौशल दिसणार. चालायचंच. चेहरा उसना घेतला तर बिघडत नाही, आरोप उसना घेताना मात्र थांबावं.

आमच्या टेबलावर वाद अजून सुरू आहे. फक्त आता दर दुसऱ्या वाक्याला कोणीतरी विचारतं, "हे कुठे वाचलंस?" त्यामुळे वाद थोडा सावकाश चालतो आणि डबा गरम असताना खाऊन होतो.

कसं जाल?

पुणे–तुळापूर–वढू–शिरूर–चौफुला–दौंड–पेडगाव–थेऊर–पुणे हा फेरा अडीचशे किलोमीटरच्या वर जातो. पहाटे निघा. फक्त दौंड-पेडगाव करायचं असेल तर पुण्याहून दौंडपर्यंत ट्रेन सोयीची. पाऊस संपल्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात पेडगावला सावली कमी, पाणी जवळ ठेवा. वढू आणि तुळापूरला सेल्फी जरा बेतानेच. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला मोठी गर्दी असते आणि वाहतूक वळवलेली असते, त्यामुळे ही राइड दुसऱ्या दिवशी करा.