उनपदेवाचे ऊन

थाळनेर पाहून जो उनपदेवला जातो, त्याला खानदेशाच्या दोन निराळ्या स्मृती एकाच दिवसात भेटतात. तापीकाठचे थाळनेर ही फारुकींची पहिली राजधानी. १३९९ मध्ये वारलेल्या मलिक राजाची कबर तेथेच आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी किल्ला घेतला, आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिले. किल्ला ढासळला, पण सनावळी शाबूत राहिली, कारण ती लिहिणारे होते.

तेथून चोपड्यावरून अडावदकडे आले की सातपुडा अगदी जवळ येतो. पायथ्याला उनपदेव, दगडी गोमुखातून कढत पाणी पडत असते. ज्वालामुखी वगैरे काही नाही. भेगांतून खोल झिरपलेले पाणी तळाशी तापून वर येते, एवढेच. येथे सन नाही, राजा नाही. आहे ते नाव.

मला ते नावच फार बोलके वाटते. ‘ऊन’ म्हणजे उष्ण. ऊन ऊन भात आपण आजही वाढतो. जवळच्या दुसऱ्या झऱ्याला सुनपदेव म्हणतात. त्याची व्युत्पत्ती संस्कृतात धुंडाळण्यात अर्थ नसावा. भाकरीबिकरीतल्या ‘बिकरी’सारखा तो नादाने जुळलेला जोडीदार असावा, असा माझा आपला तर्क. हे नाव ठेवणाऱ्यांना पुराणाची गरज पडलेली दिसत नाही. पाणी ऊन, म्हणून देव.

रामकथा त्यावर मागाहून येऊन बसली असावी. शरभंग ऋषींची व्याधी जावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, असे येथे सांगतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडात मात्र शरभंग रामाचे दर्शन होताच अग्नीत प्रवेश करतो. आपण अभ्यासक अशा फरकाला ‘स्थानिक भर’ म्हणून मोकळे होतो. पण हा फरक केवढा आहे! खानदेशाने ऋषीला आगीत जाऊ दिले नाही, त्याला आंघोळ घातली. अंगावरची खरूज, नायटे घेऊन कुंडावर येणाऱ्यांना मोक्ष पावलेल्या ऋषीपेक्षा बरा झालेला ऋषीच हवा होता.

लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही कथा आजूबाजूच्या पाड्यांवर जाऊन पावऱ्यांकडून, तडव्यांकडून त्यांच्याच बोलीत ऐकावी, आणि तीही म्हाताऱ्या बायकांकडून. थाळनेरच्या सनावळ्या ग्रंथालयात केव्हाही सापडतील.