होडी कुठवर जाईल?

श्रावणाचे दिवस होते. रात्रभर कोसळणारा पाऊस पहाटे थांबला होता. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पिंगळी हे गाव नुकतेच न्हाऊन उठल्यासारखे दिसत होते. शेतांतून कापूस आणि सोयाबीन डोलत होते. एरवी कोरडा पडणारा ओढा गढूळ पाण्याने भरून वाहत होता.

ओढ्याकाठी सहावीतला एक मुलगा उकिडवा बसला होता. जुन्या वहीचे पान फाडून केलेली होडी त्याने हलकेच पाण्यावर सोडली. होडीने एक गिरकी घेतली आणि पाहता पाहता ती वळणाआड गेली.

“आजोबा, ही कुठवर जाईल हो?”

आजोबांचे सारे आयुष्य रेल्वेच्या नोकरीत गेले होते. ते हसून म्हणाले, “कागद आज ना उद्या विरघळेल, पण पाणी थांबायचे नाही. ते अखेर गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. चल, आपण त्या पाण्याबरोबर जाऊ. घाई मात्र करायची नाही. होडीला काही आगगाडीसारखे वेळापत्रक नसते!”

आणि काठावरच्या दगडावर बसून दोघांचा जलप्रवास सुरू झाला.

या होडीला गोदावरी भेटते, तेव्हा ती रिकाम्या हातांनी आलेली नसते. त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून तिने नाशिकचे घाट पाहिलेले असतात. सातवाहनांची राजधानी असलेले पैठण तिने पाहिलेले असते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका पुस्तकात पैठणचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांत भरून दूर भडोचच्या बंदराला जात असे. संत एकनाथ याच पैठणचे. त्यांच्याच नावाचा नाथसागर आज तेथे पसरला आहे. जायकवाडीचे हे धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले. तेथून खाली येता येता लागते गंगाखेड, संत जनाबाईंचे जन्मगाव. दळताकांडताना जिच्या ओठी अभंग आले, तिच्या गावाचे पाणीही आता होडीच्या सोबतीला असते.

“पहिला मुक्काम नांदेड!” आजोबांनी जणू स्थानकच पुकारले. शहराच्या अलीकडे विष्णुपुरीचा बांध आडवा येतो. त्याने अडविलेले पाणी नांदेडकर पितात आणि शेतेही भिजतात. दारे उघडली की होडी पुढे निघते. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली येथेच देह ठेवला. त्या स्थानी महाराजा रणजितसिंगांनी पुढे गुरुद्वारा बांधविला. दूर पंजाबातून यात्रेकरू येतात आणि मराठवाड्याच्या या नदीला भक्तिभावाने हात जोडतात.

नांदेडच्या पुढे बाभळीचा बंधारा लागतो. येथे आजोबा क्षणभर थांबले. “या बंधाऱ्याची दारे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तसा निकाल दिला आहे.”

“पण का? पाणी आपलेच ना?” मुलाचा स्वर थोडा चढला.

“आपले कसे? खाली तेलंगणातही शेते आहेत, तहानलेली माणसे आहेत. आपल्या वर पैठणचे धरण आहे. तेथल्या लोकांनी ‘पाणी आमचेच’ म्हणून दारे कायमची लावून घेतली, तर तुला कसे वाटेल?”

मुलगा गप्प झाला. नदीला वरचा आणि खालचा शेजारी असतो, हे त्याला आज प्रथमच उमगत होते.

होडी पुढे निघाली. कंदकुर्तीला मांजरा नदी येऊन मिळाली. काठावरच्या बोलीत मराठीबरोबर तेलुगू मिसळू लागली. मग बासरचे सरस्वतीमंदिर आले. तेथे आईवडील लहानग्यांना मांडीवर बसवून पहिले अक्षर गिरवायला लावतात. कितीतरी दिवसांनी डाव्या हाताला पुन्हा महाराष्ट्र दिसला. ते गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा! तेथे प्राणहिता भेटते. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचे पाणी ती घेऊन येते. पिंगळीचा ओढा आणि विदर्भातल्या नद्या येथे एक होतात.

पुढे पापीकोंडलूचे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. ही शोभा पाहावयास लोक मोठ्या नौकांतून येतात. मग येते राजमहेंद्री. नन्नय कवीने अकराव्या शतकात येथेच महाभारत तेलुगूत आणावयास आरंभ केला. त्याखाली धवळेश्वर. आर्थर कॉटन या अभियंत्याने १८५२ साली तेथे बांध पुरा केला आणि गोदेचे पाणी भातशेतीत खेळविले. तेथून नदीला फाटे फुटतात आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास संपवून ती बंगालच्या उपसागरात विलीन होते.

“पोहोचलो!” आजोबा म्हणाले.

मुलगा टाळी वाजवून उठला आणि आपली होडी कोठवर गेली हे पाहावयास वळणापर्यंत धावला. समुद्र दूरच, होडी वीस पावलांवर अडकून पडली होती! प्लास्टिकच्या पिशव्या, फाटकी पोती आणि काटक्या यांचा तेथे एक गठ्ठा साचला होता. त्यातच बिस्किटांच्या पुड्याचे एक लाल वेष्टन तरंगत होते. ते त्याने ओळखले. परवा शाळेतून येताना त्यानेच ते ओढ्यात भिरकावले होते.

आजोबा हळूहळू मागून आले. त्यांनी सारे पाहिले, पण ते काही बोलले नाहीत.

मुलाने विजारीच्या दुमडी गुडघ्यापर्यंत वर केल्या. एक लांब काठी घेऊन त्याने तो गठ्ठा काठाकडे ओढला. आजोबांनी एकेक पिशवी उचलून बाजूला रचली. ते लाल वेष्टन मात्र मुलाने स्वतःच्या हाताने काढले आणि खिशात घातले. तुंबलेले पाणी खळखळ करीत सुटले.

होडीचा कागद एव्हाना भिजून लिबलिबीत झाला होता. मुलाने तिला एक बोट लावले. ती एका अंगावर कलली, सावरली आणि पाण्याबरोबर नांदेडच्या वाटेला लागली.