सुकाणू कुठे बसवायचं?

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की नजर आधी समोरच्या सिंधुदुर्गाकडे जाते. जाणारच! शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. पण होडी सुटायला वेळ असला तर मोठ्या माणसाचा हात धरून जरा खाली वाका आणि होड्यांची शेपटी बघा.

ज्या होडीचं इंजिन आत असतं, तिच्या मागे पाण्यात पंखा असतो आणि पंख्याच्या लगेच मागे एक उभं पातं. तेच सुकाणू. तिथेच का बरं? पंखा पाणी मागे फेकतो आणि ते पाणी थेट पात्यावर आदळतं. त्यामुळे होडी जवळजवळ उभी असली तरी इंजिनाला थोडा जोर दिला की ती वळू लागते. किल्ल्याजवळ पाण्यात खडक आहेत. तिथे हळू जायचं आणि नेमकं वळायचं, म्हणजे हे हवंच.

आणखी एक गंमत. सुकाणू होडीचं तोंड ओढत नाही, शेपूट ढकलतं! पातं उजवीकडे वळवलं की शेपूट डावीकडे सरकतं आणि तोंड उजवीकडे येतं. म्हणून तर धक्क्याला चिकटलेली होडी एकदम बाहेर वळवली तर मागची बाजू धक्क्यावर आपटते.

आता तारकर्लीवरून देवबागला चला. उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. इथल्या पुष्कळ होड्यांना सुकाणूच दिसणार नाही! मागे टांगलेलं इंजिनच डावी-उजवीकडे फिरतं आणि पंख्याचा जोरच तिरपा लागतो. इथेच ओहोटीच्या वेळी एक विचार करा. वल्ही न मारता, शीड न लावता सुकाणूवाली होडी नदीच्या पाण्याबरोबर वाहत सुटली, तर सुकाणू कितीही वळवा, ती ऐकत नाही. का? होडी आणि पाणी एकाच वेगाने चाललेत. पात्यावरून पाणी धावतच नाही, मग ते ढकलणार कशाला?

हे सगळं सांगायचं कारण आमच्या वर्गातली मुलं. थर्माकोल आणि जुन्या खेळण्यातली मोटर घेऊन ती बोटी करतात आणि चित्रातल्या शर्यतीच्या मॉडेल बोटी बघून विचारतात, "बाई, ह्याचं सुकाणू एका कडेला कसं? चुकलं का?"

चुकलेलं नाही, बरं का. त्या बोटी पाण्यावरून जवळजवळ उडतच जातात. पंखा अर्धा पाण्याबाहेर असतो आणि मागे फेसाचा मोठा तुरा उठतो. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. हवेत पात्याला पकड कुठली मिळणार? म्हणून सुकाणू पंख्याच्या मागून काढून बाजूला, भरीव पाण्यात बसवतात. शिवाय अशा शर्यतीत बहुधा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फेऱ्या असतात, म्हणजे प्रत्येक वळण उजवं. मग सुकाणूही उजव्या अंगाला, वळणाच्या आतल्या बाजूला. पातं सुरीसारखं पातळ असतं, नाहीतर तेच बोटीला मागे ओढेल.

तुमची थर्माकोलची बोट मात्र सावकाश जाते. तिचं सुकाणू पंख्याच्या अगदी मागे, मधोमधच बसवा. मग मुद्दाम दोन बोटं बाजूला सरकवून बघा. किती मोठा वळसा घेते ते मोजा. आणि हो, बोट तळ्यात किंवा घमेल्यातच सोडा. समुद्रात सोडलीत तर खारं पाणी मोटर खाणार, नाहीतर लाट बोट नेणार!