वीरच्या पंगतीला रिझलिंग

कोकण रेल्वेने रोहा सोडलं, की कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड आणि मग येतं वीर. इथवरचा मार्ग १९९३ साली सुरू झाला. आता रूळही दुहेरी झाले आहेत. महाडला नि रायगडावर जाणारी मंडळी इथेच उतरतात. स्टेशनाबाहेर पडलं, की भाताची खाचरं, लाल माती आणि लांबवर सह्याद्री. जवळच दासगाव आणि सावित्रीची खाडी. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईची माणसं बोटीने दासगावला उतरत. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरही महाडच्या परिषदेसाठी असेच आले होते. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी चवदार तळ्याचं पाणी पिऊन सर्वांचा हक्क बजावला होता. महाडला गेलात, तर ते तळं जरूर बघा.

वीरला माझ्या नणंदेचं घर. यंदा मे महिन्यात त्यांची लेक आणि जर्मन जावई आले. जावयाने मोठ्या प्रेमाने आणली वाईनची बाटली! आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण मैत्रिणींनो, या घराचं एक शेत दारूपायी गेलेलं. बाटली ओट्यावर आली नि वन्संचा चेहरा उतरला. मला आत बोलावून म्हणाल्या, "पाहुण्याला नाही कसं म्हणू? आणि हो तरी कुठल्या तोंडाने म्हणू?"

रात्रभर विचार करून त्यांनीच तोड काढली. जावयाने जेवणाबरोबर पेलाभर घ्यावी, बाकीच्यांना सोलकढी. कुणी कुणाला आग्रह करायचा नाही. जावयाने आनंदाने मान डोलावली.

ही वाईन पांढऱ्या द्राक्षांची, नाव रिझलिंग. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी, शाळेच्या पाटीचा दगड असतो ना, तसल्या खडकाच्या चढणीवर तिचे मळे आहेत. बाटलीवर ‘ट्रॉकन’ म्हणजे ‘कोरडी’ असं लिहिलेलं असलं, की तिच्यात साखर अगदी थोडी आणि आंबटपणा ठसठशीत. आपल्या नाशिककडेही रिझलिंगची वाईन निघालेली आहे.

आता खरी गंमत ऐका. तळणीचा नि नारळाचा जडपणा जिभेवरून उतरवायला आपण सोलकढी पितो. तिकडे तेच काम ही वाईन करते! म्हणून दोघींना साजणारे पदार्थही बरेचसे तेच. वन्संनी रवा लावून तळलेलं पापलेट, नारळाच्या दुधातली कोळंबी आणि आंबोळ्या केल्या. मिरची मात्र हात राखून घातली, कारण वाईनने तिखट अधिकच झोंबतं. कोळंबीत आमसूलही टाकलं नाही. पदार्थ वाईनपेक्षा आंबट झाला, की वाईन पाणचट लागते. उकडीचे मोदक शेवटी, पेला उचलल्यावर वाढले. गोडाबरोबर कोरडी वाईन उगाच आंबटढाण वाटते. शाकाहारी घरात मऊ पनीर, बटाट्याची भजी किंवा काजूची सौम्य उसळ चालेल.

वाईन द्यायच्या आधी दोनेक तास फ्रिजमध्ये ठेवावी; बर्फ मात्र घालू नये. उरलेली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवली, तर दोन-तीन दिवस टिकते. गरोदर बायकांनी आणि औषधं चालू असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आणि आपल्याला घ्यायची नसेल, तर ‘नको’ म्हणायला मुळीच संकोच नको, बरं का!

त्या दिवशी पंगतीत एक पेला पिवळसर होता, बाकीचे गुलाबी. जेवणं हसतखेळत झाली. वन्संच्या घराचा नेम मोडला नाही आणि जावयाचा मानही राहिला.

मे महिन्यात तिकडे गेलात, तर अंगणाअंगणांत वाळत घातलेली आमसुलं दिसतील. पावसाआधी वर्षाची बेगमी करून आणा. सोलकढीला ती हवीतच, मग पाहुणा कुठल्याही देशाचा असो!